दोनशिक्षकी शाळेतला मार्च

सकाळी ९.१५
फाट्यावर उतरलो तर पिवळी व्हॅन आमच्याच गावची पोरं भरून तालुक्याकडे निघालेली. आमची पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा, पट २८. त्या व्हॅनमधली तिघं जरी इकडे असती तरी शाळेचं वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० ऐवजी २५,००० झालं असतं. समग्र शिक्षाची पायरी तिसाला आहे. व्हॅनवर माझा राग नाही. पण साहेबाला उलट प्रश्न विचारायची धमक असलेली घरं आधी जातात. मागे राहतात ती रोजंदारीची. त्यांनाही प्रश्न पडतात, पण विचारायला जायचं तर रोज बुडतो. शाळेचा पैसा आटायला सुरुवात होते ती इथून.

९.४५
कुलूप काढलं. दाराशेजारी मतदान केंद्राचा क्रमांक निळ्या रंगात ठळक. रॅम्प, नळ, बाहेरचा दिवा, सगळं गेल्या निवडणुकीच्या तोंडावर झालं, कारण मतदाराला किमान सुविधा द्यायच्याच असा आयोगाचा दंडक. पुढे विजेचं बिल थकलं आणि जोड तोडला गेला. पोरांना मत नाही.

१०.१५
परिपाठ. प्रतिज्ञा, राज्यगीत, उद्देशिका. तिसरीतला एक जण 'सार्वभौम'च्या आधी दम घेतो आणि मग एका झटक्यात शब्द पार करतो. मॅडम बीएलओच्या बैठकीला तहसिलात. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरी कामं लावू नयेत असं आहे. आता निवडणूक संपतच नाही, त्याला कायदा तरी काय करणार? चारही वर्ग माझ्याकडे. धाकट्यांना मणी मोजायला बसवलं, थोरल्यांना भागाकार.

१२.३०
आज हजर २५. मुलामागे १०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलो तांदूळ. खिचडी करणाऱ्या ताई मापाचा डबा काठाशी हातानं सपाट करतात, चिमूटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. त्यांचं मानधन महिन्याला २,५०० आणि तेही वर्षातले दहाच महिने. "सर, मटकी संपत आली. दुकानदार मागचे मागतोय." तेल-भाजीचे पैसे मागाहून येतात, तोवर खिसा माझा.

२.१५
धाकटे पेंगतायत. चौथीला शुद्धलेखन घालून किर्द उघडली. समोरच्या भिंतीवर फुले आणि आंबेडकर, आणि दोघंही हिशेब मागणारे. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सुनावलं होतं की सारा भरते रयत आणि सरकार पैसा घालतं वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. १९२७ च्या मार्चात मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी आकडेच काढले: शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च आणि अबकारीतून माणशी वसुली दोन रुपयांच्या वर. पुढे कोठारी आयोगानं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के सांगितले. २०२० च्या धोरणातही तोच ६ चा आकडा पुन्हा लिहिलेला आहे. या गावातून फौजेत गेलेले जवान याच बस्करांवर बसून गेले. बस्करं मात्र त्यांनी मागे ठेवली तीच आहेत.

३.३०
शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया. आज आलेल्या सगळ्या बायाच. किर्द मोठ्यानं वाचली: खडू, रजिस्टरं, टाकीची तोटी, दहा टक्के स्वच्छतेला. एरवी इथं सह्या होतात आणि चहा येतो. आज ऊसतोडीहून परतलेली एक आई म्हणाली, "थांबा सर. लाईटचं काय?"

"थकबाकी आपल्या अनुदानात बसत नाही."

"मग कुणाच्यात बसती?"

जिल्हा परिषदेच्या सदस्याला विचारा, असं पूर्वी सांगता यायचं. २०२२ मध्ये मुदती संपल्या आणि बहुतेक ठिकाणी पुढची काही वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिला. शिक्षण समितीत विचारायला निवडून दिलेला माणूसच नसेल, तर पैसे कुठं अडले हे कळणार कसं? निधी कमी असतो हे खरंच, पण त्याहून मला टोचतं ते हे. मी म्हटलं, ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो, १ मेच्या ग्रामसभेत विषय मांडता येईल.

"कोण मांडणार?"

"पालकानं मांडला तर वजन पडतं."

"मी मांडते. पण काय बोलायचं ते लिहून द्या."

ठराव झाला. झेरॉक्स तालुक्याला, म्हणून तिच्या चौथीतल्या मुलीला तो वहीत उतरवायला बसवलं. 'थकबाकी'तली वेलांटी पहिली की दुसरी, हे तिनं विचारून घेतलं. आईनं वही हातात घेऊन आकडा तेवढा दोनदा वाचून घेतला.

५.४०
एसटीत जागा मिळाली. केंद्राच्या ग्रुपवर संदेश: संयुक्त अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र उद्या अकरापर्यंत, पूर्ण रकमेचं. खातं पाहिलं. दुसरा हप्ता अजून जमा नाही. माझ्या आधी चौदा मुख्याध्यापकांनी 'होय सर' लिहिलं होतं. मी लिहिलं, "हप्ता आल्यावर देतो, सर."