“जॉब निवू द्या, सर!”

किर्लोस्करवाडीचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? पण ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे मास्तर, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. पुढे बेळगावी सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना! वर्गातून कारखान्याकडे जाणारी वाट ही अशी जुनी आहे. मात्र त्या वाटेने गेलेला मास्तर सहसा परतत नाही. आणि न गेलेला जन्मभर फळ्यापाशीच राहतो.

मीही फळ्यापाशीचाच. तंत्रनिकेतनात बारा वर्षे यंत्रशास्त्र शिकवल्यावर एका उन्हाळ्याच्या सुटीत, प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन, जवळच्या एका कारखान्यात महिनाभर गेलो. तिसऱ्याच दिवशी लेथवरून उतरलेला पन्नास मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा मी मायक्रोमीटरने मोजला आणि ऐटीत म्हणालो, “अगदी बरोबर!”

फोरमन हसले. “जॉब निवू द्या, सर.”

अर्ध्या तासाने मोजला, तो मिलिमीटरचा जवळजवळ पन्नासावा हिस्सा कमी! दांडा बाद. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे बारा वर्षे मुलांना घोकायला लावणारा मी. पण हाताला गरम लागणारा दांडा मोजताना ते मला आठवले नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जॉबकार्डाच्या पाठीवर मी फोरमनना हिशेब मांडून दाखवला: पोलाद मीटरमागे अंशाला सुमारे बारा मायक्रॉन वाढते; दांडा तीस अंशांनी तापला, तर पन्नास मिलिमीटरला अठरा मायक्रॉन. ते खूश झाले. “हाताला कळत होतं, सर. का ते आज कळलं!” ते कार्ड त्यांनी नव्या पोरांसाठी भिंतीला डकवले.

शाळा आणि कारखाना यांची भागीदारी म्हणतात ती याहून निराळी काय असते?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने तरुणांना कारखान्याचे दार उघडले. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उद्योगातल्या जाणत्यांना, पीएच.डी. नसली तरी, प्राध्यापक म्हणून वर्गात येण्याची वाट करून दिली. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण खुद्द मास्तरांचे काय? पिलानीच्या संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकांनाही कारखान्यात धाडले. खरी मेख तिथे आहे. विद्यार्थी एकदा जातो आणि एकटा शिकतो. मास्तर जाऊन आला, तर पुढच्या वीस तुकड्या शिकतात.

त्यासाठी मोठ्या परिषदा नकोत. सुटीतला एक महिना, दार उघडणारा एक कारखानदार आणि “मला हे येत नाही” म्हणण्याइतके धैर्य पुरे. तिसरी गोष्टच काय ती महाग!

जूनमध्ये वर्ग भरला. पहिल्याच तासाला मी मुलांना माझ्या बाद दांड्याची गोष्ट सांगितली. मुले पोट धरधरून हसली. प्रसरणाचा धडा मात्र त्या वर्षी कोणालाच पुन्हा शिकवावा लागला नाही.