मागच्या गल्लीचं काम

मल्लेश्वरमच्या जुन्या घरांना दोन बाजू असतात. पुढची बाजू क्रॉसवर, म्हणजे आडव्या रस्त्यावर, उघडते. तिथे पहाटे सडा पडतो, रांगोळी निघते, कुंपणाशी पारिजातक नाहीतर सोनचाफा असतो. मागची बाजू एका बोळात उघडते. घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या आणि मधून हा बोळ, एक हातगाडी सहज जाईल एवढा. इथे सगळेच, अगदी कन्नडखेरीज दुसरी भाषा न येणारी अज्जीसुद्धा, त्याला ‘कन्झर्वन्सी लेन’ म्हणतात. मुंबईकरांना हाउसगल्ली म्हटलं की लगेच कळेल. टोपलीचे संडास घराच्या मागच्या अंगाला असत. मैला उचलणाऱ्या माणसाने पुढच्या रस्त्यावर न दिसता या बोळातून यावं आणि बोळातूनच जावं, यासाठी ही आखणी होती.

मी राहते तिथल्या दोन क्रॉसच्या मधल्या बोळात रविवारी सकाळी आम्ही रहिवासी काम करतो. त्या कामाबद्दल सांगायचं आहे. पण बोळ आला कुठून ते आधी सांगते, कारण आमच्या कामाचं ओझं तिथूनच आलेलं आहे.

१८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. १८९७ मध्ये त्याने पुण्याचं काय केलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. १८९८ च्या ऑगस्टमध्ये तो रेल्वेने बंगळूरला पोचला. जुनी पेठ दाट वस्तीची. माणसं भराभर दगावली आणि उरलेल्यांनी गाव सोडलं. म्हैसूर संस्थानाने, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात, उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी अशा दोन नव्या वसाहती उभ्या करायला घेतल्या. सरळ रस्ते, घराभोवती मोकळी जागा, परसात झाडं, घरात वारा. मुंबईतही त्याच १८९८ साली प्लेगच्याच धसक्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आल्या. मल्लेश्वरमचे दोन मोठे रस्ते आजही झाडांच्या नावाने ओळखले जातात: संपिगे रोड म्हणजे चाफ्याचा आणि मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा.

वसाहतीला नाव मिळालं ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. हे देऊळ वसाहतीच्या कितीतरी आधीचं. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांनी या देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. देवळासमोरच मातीखाली गाडलं गेलेलं नंदीतीर्थ १९९७ मध्ये उकरून मोकळं केलं गेलं. नंदीच्या मुखातून पाणी खाली पिंडीवर पडतं. महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते आणि मग मागच्या गल्लीत. पाहुण्यांना दुसरी जागा का दाखवते ते पटकन कळत नाही.

प्लेगनंतर आखलेली ही वसाहत स्वच्छतेसाठी जन्माला आली, आणि ती स्वच्छता ज्यांच्या हातांवर उभी होती त्यांना मागच्या बोळात ठेवून. १९७० च्या दशकात देवराज अर्स यांच्या सरकारातले मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करायला लावली. ते स्वतः दलित समाजातले. घराघरात फ्लश आणि खाली ड्रेनेज आल्यावर बोळाचं मूळ काम संपलं. मागची दारं बंद झाली, कुणी विटा लावून ती चिणून टाकली. जिकडे कुणाचं दार उघडत नाही तिकडे कचरा पडतो. बोळाच्या तोंडाशी आधी एक पिशवी, मग दहा, मग कुणाच्या तरी बाथरूमचा राडारोडा. महापालिकेच्या भाषेत अशा जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात.

बंगळूरमध्ये असे स्पॉट हातात घेण्याची चाल ‘द अग्ली इंडियन’ या निनावी गटाने २०१० मध्ये पाडली. भाषण नाही, फलक नाही, कुणाचं नाव नाही. ‘काम चालू, मुँह बंद’ हा त्यांचा शिरस्ता. आमचा गट त्यांचा नव्हे, पण पद्धत आम्ही तीच उचलली. एक भर मात्र घातली: काम सुरू करण्याआधी बोळ रोज झाडणाऱ्या पौरकार्मिक बाईंशी बोलायचं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. पहाटे साडेसहाला त्यांची हजेरी लागते आणि आमच्या दोन्ही क्रॉसवरचा कोणता कचरा कुणाचा, हे त्यांना चेहऱ्यांइतकंच ओळखीचं आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पिशवी पायाने सरकवून सांगितलं, “हे घरातलं नाही अम्मा, हे पीजीचं. घरातल्या कचऱ्यात कढीपत्त्याच्या काड्या असतात.”

प्रत्यक्ष काम असं चालतं. आदल्या संध्याकाळी कचरा नेणाऱ्या टिप्पर-ऑटोच्या ड्रायव्हरला आणि राडारोडा नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवायचं, नाहीतर उचललेला ढीग दिवसभर तिथेच. सकाळी हातमोजे, मास्क, गमबूट, फावडी, घमेली, लांब दांड्याचा खराटा. ढीग वरून खाली फोडायचा. मधूनच फावडं घातलं तर काचा उडतात. वरच्या थरात ताज्या पिशव्या, हॉटेलचे डबे, शहाळ्यांची टरफलं. त्याखाली थर्माकोल, फाटकी गादी, फुटका कमोड. त्याखाली विटा आणि टाइल्सचे तुकडे. वर्तमानपत्रात गुंडाळलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर चिमट्याने वेगळे काढायचे. सुया निघाल्या तर जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि बाटलीवर लिहायचं. प्रत्येक थर तिथल्या तिथे वेगळा होतो, कारण मिसळलेलं कुणीच घेत नाही.

शेवटचा थर काळ्या, आंबूस मातीचा. तो खरवडताना एका रविवारी फावडं दगडावर वाजलं. हाताने माती काढली तर खाली ग्रॅनाइटचे घडीव चिरे नीट सांधून बसवलेलं गटार निघालं, मध्ये उथळ खोलगट आणि बोळाच्या उताराला अगदी बरोबर. कितीतरी पावसाळे त्यातून पाण्याचा थेंब गेला नव्हता. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी बादलीभर पाणी ओतलं, आणि ते पाणी न थांबता दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. माझे तर डोळे भरून आले. दगड ज्याने बसवला त्याने काम चोख केलं होतं, आणि त्याच गटाराच्या कडेने वाकून कुणीतरी जन्मभर दुसऱ्यांची घाण वाहिली होती. त्या चिऱ्यांकडे बघताना दोन्ही गोष्टी एकदमच मनात येतात.

जागा मोकळी झाली की भिंत. चिकटलेली पोस्टरं पाण्याने भिजवून पत्र्याने खरवडायची, शेवाळ तारेच्या ब्रशने घासायचं, वर चुन्याचा हात द्यायचा. खालचा तीनेक फुटांचा पट्टा गेरव्या रंगाचा, कारण पावसात उडालेला चिखल त्यावर उठून दिसत नाही. वर फिकट पिवळा. मधली रेघ सरळ यावी म्हणून मेस्त्री सूत मारून देतो. त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी देतो आम्ही. आपण हौसेने आलो म्हणून त्यानेही फुकट काम करावं, ही अपेक्षा मला मुळीच पटत नाही. मग मुलं ठिपके काढून भिंतीवर कोलम उतरवतात. बोळाच्या तोंडाशी जमिनीवरही रांगोळी काढली जाते. रांगोळीवर कचऱ्याची पिशवी ठेवायला या गावात अजूनही हात धजत नाही.

फोटो इथेच काढले जातात आणि बहुतेकांना वाटतं काम झालं. खरं काम सोमवारपासून. दुसऱ्याच आठवड्यात रांगोळीच्या बाजूला पिशव्या दिसू लागल्या. मग आमच्यातले काही जण रात्री जेवणानंतर आणि काही पहाटे बोळाच्या तोंडाशी नुसते उभे राहू लागले. कुणाला पकडायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. बघितल्यावर कळलं की टाकणारे बेफिकीर नव्हते, अडलेले होते. पीजीतल्या मुली टिप्पर येण्याआधी ऑफिसच्या बसला जात. कचरा ठेवायचा कुठे? एका घरी कामाला येणाऱ्या बाईंना मालकीणच ‘जाताना टाकून दे’ म्हणून पिशवी देत होती. शहाळीवाल्याकडे तर टिप्पर थांबतच नव्हता. पीजीच्या मालकाशी बोलून जिन्याखाली डबे ठेवले. मालकीणबाईंकडे दोघी जणी कॉफीला गेल्या आणि विषय काढला. शहाळीवाल्याची टरफलं आठवड्यातून ठरल्या दिवशी ट्रॅक्टर नेतो.

कचरा वेगळा करण्याचा नियम इथे नवा नाही. मावळ्ळीपुरा इथली कचरा टाकायची जागा २०१२ मध्ये बंद झाली आणि शहर कचऱ्याने तुंबलं. मंडूरच्या गावकऱ्यांनी आपल्या गावात शहराची घाण नको म्हणून लढा दिला आणि २०१४ च्या शेवटी तिथे कचरा नेणंही थांबलं. डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत लागू केली: ओल्याला हिरवा डबा, सॅनिटरी आणि टाकाऊला लाल डबा, सुक्याला पिशवी. इथे सगळ्यांच्या तोंडी ‘हसी कसा, ओणा कसा’ म्हणजे ओला आणि सुका हेच असतं. लाल डब्याचं नाव मात्र कुणी घेत नाही, आणि अक्कांच्या हातांना सर्वांत जास्त त्रास त्याच कचऱ्याचा होतो. म्हणून आमच्या गटातल्या बायका घरोघरी फक्त एवढंच सांगत फिरल्या, की पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल पेनने ठळक फुली मारा. आता बहुतेक घरांतून फुली येते. इतक्या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही फुली.

आयुधपूजेचा आठवडा वेगळाच. गाड्यांना बांधलेले केळीचे खांब, रस्त्यावर फोडलेले कोहळे, आठव्या क्रॉसच्या बाजारातून उरलेला झेंडू, सगळं कोपऱ्याकोपऱ्यावर. त्या आठवड्यात आम्ही आधीच एक जागा आखून ठेवतो आणि केळीचे खांब तोडून पालापाचोळ्याच्या पिंजऱ्यात घालतो.

पिंजरा बोळाच्या मधोमध आहे, जाळीचा, छातीएवढ्या उंचीचा. या वसाहतीत झाडं इतकी, की जानेवारीनंतर रोज पोत्यांनी पानं पडतात आणि पूर्वी ती सर्रास जाळली जात. आता ती इथे येतात. पानांचा एक थर, त्यावर शेणकाला किंवा आंबट ताक, पुन्हा पानं. पानं मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा. दर काही दिवसांनी खालचं वर करायचं, नाहीतर आत हवा जात नाही आणि वास मारतो. नीट जमलं तर मधला भाग इतका तापतो की हात आत ठेववत नाही. पावसाळा आणि पानांची जात बघून अडीच-तीन महिन्यांत खत होतं. सोनचाफ्याची पानं लवकर कुजतात, आंब्याची चिवट, ती आधी चुरावी लागतात. खत चाळून वाटलं जातं, आणि पहिली पिशवी अक्कांकडे जाते. त्यांच्या घरासमोर डब्यांमध्ये मिरच्या लावलेल्या आहेत.

पिंजऱ्यामुळे बोळात रोज कुणीतरी येतं. पाणी घालायला, पानं ओतायला, बघायला. कचरा थांबण्यात रंगापेक्षा या येण्याजाण्याचा हात मोठा आहे, असं माझं मत झालं आहे. गटातल्या काहींना ते मान्य नाही. त्यांना आणखी भिंती रंगवायच्या आहेत.

२०२२ च्या जुलैमध्ये पौरकार्मिकांनी नोकरी कायम करावी म्हणून संप केला. क्रॉसवर कचरा साठला तेव्हा काहींनी सुचवलं की आपला गट आहेच, आपण झाडून काढू. आम्ही ठरवलं की झाडायचं नाही. प्रत्येकाने ओला कचरा घरातच ठेवायचा, पिंजऱ्यात मावेल तेवढाच आणायचा. ज्या दिवशी त्यांचं न झाडणं शहराला दिसायला हवं, त्या दिवशी आपण खराटा उचलला तर तो त्यांच्याविरुद्धच पडतो. या निर्णयावर दोन घरं आमच्यावर रागावली, त्यातलं एक अजूनही रविवारी येत नाही.

सध्या वाद आहे तो पलीकडच्या बोळाचा. तिथे तीन घरांनी मागे पंपाच्या खोल्या बांधून बोळाचा निम्मा भाग खाल्ला आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला तिथे स्कूटर लावायला जागा हवी आहे. मोजणी झाली आहे, पत्रं गेली आहेत, आणि तिन्ही घरांतले लोक रविवारी आमच्याबरोबरच काम करतात, त्यामुळे बोलणं अवघड आहे आणि सोपंही. त्यातल्या एका अज्जींनी मात्र गेल्या महिन्यात स्वतःहून मेस्त्रीला बोलावून चिणलेलं मागचं दार फोडून घेतलं. चौकट करायला टाकली आहे, आणि बिजागऱ्या पितळी हव्यात की लोखंडी यावर त्यांचं आणि सुनेचं अजून एकमत झालेलं नाही.