जनुक गप्प केल्यावर गोळी लागू पडली

व्हेमुराफेनिब ही गोळी बिघडलेल्या ब्राफ जनुकाचे काम रोखते. त्वचेच्या मेलानोमा कर्करोगावर ती चालली; मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तोच बिघाड असूनही फारशी चालेना. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी मग आतड्याच्या कर्कपेशींत निरनिराळी जनुके गप्प करून पाहिली. जनुकाचा निरोप आरएनए नेतो. त्याला जुळणारा छोटा तुकडा पेशीत सोडला, की पेशीच तो निरोप फाडते. मोठी गमतीची युक्ती! ईजीएफआर जनुक गप्प होताच गोळी लागू पडली. एरवी पेशी याच आडवाटेने निसटत होत्या. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही वाटा अडवणाऱ्या औषधांच्या जोडीला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. तिने आयुष्याचे काही महिने वाढतात. आम्ही तिला रामबाण म्हणणार नाही. घरात असा रुग्ण असल्यास ब्राफची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.