तोरण्याची तुलना आणि कॉलेजात अडखळलेला मुलगा

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत (त्यांतील दुसऱ्याचे नाव आता सरकारदरबारी राजगड असे झाले आहे) पुण्याच्या महाविद्यालयात अडखळलेल्या मुलाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते: “तुझ्या वयात महाराजांनी तोरणा घेतला, आणि तुला दोन विषय सुटत नाहीत?” ज्यांच्या अंगणातून तो किल्ला रोज दिसतो त्यांच्या तोंडी हे वाक्य सहज येते, यात नवल नाही, परंतु ज्या इतिहासाचा दाखला देऊन मुलाला खजील केले जाते, तो इतिहास नेमका उलट साक्ष देतो. १६४६-४७ च्या सुमारास तोरणा हाती आला तेव्हा महाराज सोळा-सतरा वर्षांचे होते हे खरे. पण त्या किशोराच्या पाठीशी जिजाऊसाहेबांसारखी माता होती, शहाजीराजांनी सोबत दिलेले पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस असे मुरलेले कारभारी होते, मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर होते, आणि पुढे खुद्द भोर तालुक्यातल्या कारीचे कान्होजी जेधे शहाजीराजांच्याच आज्ञेवरून येऊन मिळाले. आमच्या मुलाला आपण काय देतो? तांदळाची एक गोणी, मेसचे आगाऊ पैसे, आणि स्वारगेटला उतरल्यावर काय करायचे याबद्दल संपूर्ण मौन.

दुसरा समज आळसाचा. विषय राहिले म्हणजे पोरगे उनाडले, हा निवाडा घरी पंच बसण्याआधीच झालेला असतो. वस्तुस्थिती बहुधा अधिक गुंतागुंतीची असते. बारावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा वाणिज्य, विज्ञान वा अभियांत्रिकीच्या वर्गात बसतो तेव्हा त्याला विषय आणि भाषा ही दोन ओझी एकदम उचलावी लागतात. त्यातच सत्र सुरू होते ऐन आषाढात, जेव्हा गावी खाचरे चिखलणीला आलेली असतात आणि लावणीला माणूस मिळत नाही म्हणून त्याच मुलाला आठ-पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले जाते. ज्या आरंभीच्या तासांना पुढची सगळी इमारत उभी राहायची, ते तास असे भाताच्या वाफ्यात जातात, आणि मग हजेरीच्या अटीपायी अर्ज, विनंत्या, जामिनकी सुरू होते. शेती करणाऱ्या घराला यात दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र ही गैरहजेरी मुलाच्या खाती आळस म्हणून मांडू नये, एवढे तरी न्यायाला धरून आहे.

निकालाच्या दिवसाचे संभाषण ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्यातली तऱ्हा ठाऊक असते. “निकाल लागला का रे?” “साईट चालत नाही, आण्णा.” साईट आठवडाभर चालत नाही. हे खोटे बोलणे बेपर्वाईतून आलेले असते असा तिसरा समज आहे. बहुतेक वेळा ते लाजेतून आलेले असते, आणि लाज जितकी मोठी तितका मुलगा घरापासून दूर राहतो. त्यातही काही वेळा दुखणेच असते. मानसिक विकारांपैकी बरेचसे प्रथम प्रकट होतात ते पंचविशीच्या आतच. झोप उडणे किंवा दिवसभर पडून राहणे, जेवण सुटणे, मित्र तोडणे, आंघोळीचाही कंटाळा, ही चिन्हे आठवड्यांमागून आठवडे टिकली तर रागावून काही हशील नाही, डॉक्टरकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाची भाषा मुलाच्या तोंडून एकदा जरी निघाली, तरी ती धमकी समजून सोडून देऊ नये.

वर्ष गेले म्हणजे आयुष्य गेले, या समजुतीला तर नियमांचाच आधार नाही. काही विषय राहिले तरी ठरावीक मर्यादेपर्यंत एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात बसता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आवश्यक श्रेयांक पुरे करणाऱ्याला एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते आणि पुन्हा परतताही येते. अर्थात श्रेयांक मिळवावेच लागतात, ते कोणी खिरापत म्हणून वाटत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच उभे आहे. आणि आयटीआय ही नापासांची धर्मशाळा नव्हे. शिरवळच्या कारखान्यांत जोडारी, वीजकाम, यंत्रकाम जाणणाऱ्याची गरज पदवीच्या कागदाहून कमी नसते.

लग्न केले की पोरगा ताळ्यावर येतो, असेही काही वडीलधारे सांगतात. मुलाच्या लग्नाचे कायदेशीर वय एकवीस आहे, आणि परक्याच्या मुलीला सुधारगृहाची अधीक्षक नेमण्याचा अधिकार कोणत्याच वयात नाही.

राहता राहिले स्वावलंबन. ते पुण्याला पाठवल्याने आपोआप येते असे मानणारे पालकच पुढे परीक्षेचा अर्ज स्वतः भरतात, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणायला स्वतः तहसील कचेरीत रांग धरतात, आणि रात्री दहाला फोन करून जेवलास का, अभ्यास केलास का, अशी दुहेरी जबानी घेतात. अठरा वर्षे पुरी झालेला मुलगा १८७५ च्या कायद्याने सज्ञान आहे. दाखल्याची रांग त्याची, अर्जाची मुदत त्याची, ती चुकल्यास विलंबशुल्कही त्याच्याच खर्चातून. पुणे विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते; वसतिगृहातील मुलाने तिथे तासभर काम केले तर घराण्याची अब्रू जात नाही. महिन्याचे पैसे एकरकमी द्यावेत, हिशेब महिनाअखेर एकदाच पाहावा, आणि वीस तारखेला ते संपल्याचा फोन आला तर मेसचे पैसे थेट मेसवाल्याकडे भरून बाकीच्यासाठी पहिल्या तारखेची वाट पाहायला सांगावी.