कुर्बानीपूर्वी केस-नखे न कापण्याचा नियम

जिल्हज महिन्याचे चंद्रदर्शन झाले की कुर्बानीचा संकल्प केलेले अनेक मुस्लिम बांधव केस व नखे कापणे थांबवतात. बकरी ईद या महिन्याच्या १० तारखेस येते. स्वतःची कुर्बानी पार पडेपर्यंत हे पथ्य पाळले जाते.

प्रेषित मुहम्मद यांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी कथन केलेली, ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातील हदीस हा त्याचा आधार होय. तिच्या अर्थाविषयी मात्र धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हंबली परंपरा हे पथ्य बंधनकारक मानते. शाफई मतानुसार या दिवसांत केस-नखे कापणे निषिद्ध नव्हे, केवळ अप्रशस्त, म्हणजे मकरूह आहे. हनफी परंपरेत ती न कापणे श्रेयस्कर मानले जाते. कोकण किनाऱ्यावरील मुस्लिम प्रामुख्याने शाफई, तर घाटावरील बहुतांशी हनफी आहेत.

हे पथ्य हजयात्रेकरूंच्या इहरामची आठवण करून देते. परंतु ते तितके कठोर नाही. स्नान, सुगंधी द्रव्ये किंवा शिवलेली वस्त्रे वर्ज्य नाहीत. बहुसंख्य विद्वानांच्या मते ते कुर्बानी देणाऱ्यापुरतेच आहे. घरातील इतरांवर वा जनावर कापणाऱ्या खाटकावर त्याचे बंधन नाही.

विसरून नख कापले गेले तर कुर्बानी वाया जाईल, ही अनेकांच्या मनातील धास्ती निराधार आहे. कुर्बानी वैधच राहते. प्रायश्चित्तही लागत नाही. तुटलेले, दुखरे नख काढण्यासही मुभा आहे.