जुरासिक पार्कचे डायनासोर आणि भंडाऱ्याचा उन्हाळा

१९९३ साली स्पीलबर्गचा 'जुरासिक पार्क' आला आणि केनर कंपनीने त्याच्या अ‍ॅक्शन फिगर काढल्या. त्यातल्या काहींच्या अंगावरचा कातडीचा तुकडा निघायचा आणि आत जखम दिसायची! जुनी केनर फिगर घेताना हा तुकडा सोबत आहे का, अंगावर 'जेपी'चा छाप आहे का, हे आधी बघा. नुसत्या फोटोवर पैसे पाठवू नका. २०१८ पासून हे डायनासोर मॅटेल बनवते. त्यांच्या २०२२ च्या हॅमंड कलेक्शनमधली कातडी आणि सांधे मला सगळ्यांत सरस वाटतात.

खरे डायनासोर आपल्या विदर्भातही होते, हे पोरांना आवर्जून सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या इसिसॉरसची हाडं सापडली. १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २००३ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून त्याला आजचं नाव मिळालं. भंडाऱ्याहून जवळ म्हणाल तर नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात डायनासोरचे मोठे पुतळे आहेत.

आता महत्त्वाचं. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. फिगरचं मऊ प्लास्टिक उष्णतेने चिकट होतं, पाय वाकतात आणि जड टी-रेक्स पुढे कलंडतो. म्हणून पत्र्याच्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका. ऊन न येणारी आतली खोली निवडा. पाय वाकलाच तर गरम पाण्यात थोडा वेळ धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. बॅटरीवाल्या फिगरला मात्र पाणी लावू नका, आणि ठेवून देण्याआधी तिचे सेल काढा.