गर्दीतला गायक

नाताळच्या गीतांत बर्फ, घंटा आणि घरची ऊब यांची रेलचेल असते. पदपथावरचा विक्रेता त्यांत सहसा दिसत नाही. कंट्री संगीतातील टेक्सासचा गायक विली नेल्सन याच्या ‘प्रिटी पेपर’ या गीतात मात्र तोच मध्यभागी आहे. फोर्ट वर्थ येथील एका मोठ्या दुकानाबाहेर कागद आणि पेन्सिली विकणारा एक अपंग माणूस नेल्सनने पाहिला होता. त्या स्मृतीतून १९६३ साली हे गीत जन्मले.

लोकांपुढे ते प्रथम आले रॉय ऑर्बिसनच्या आवाजात, त्याच वर्षी. तो आवाज उंच, भरदार, साथीला वाद्यवृंद. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि डोळे पाणावले की आपले कर्तव्य संपले असे मानणे हा तर मनुष्यस्वभावच!

नेल्सनने १९७९ मध्ये याच नावाच्या तबकडीवर ते गायिले, ते निराळ्या रीतीने. आवाज अनुनासिक, काहीसा कोरडा. शब्द तालाच्या किंचित मागे रेंगाळणारे, जणू चालता चालता कोणी बोलत आहे. तबकडीवर ‘व्हाइट ख्रिसमस’सारखी सर्वमान्य गीतेही आहेत. ती गोड आहेत, इतकेच. येथे मात्र गायक कींव करीत नाही. घाईने पुढे सरकणाऱ्या त्या गर्दीतच तो आहे. विक्रेत्यापाशी थांबावे की नाही, या प्रश्नाला गीतात जे लगबगीचे उत्तर मिळते, ते ऑर्बिसनच्या तोंडी इतरांचे वाटते. नेल्सनच्या तोंडी ते आपलेच वाटू लागते.